विश्वास पानिपतात गेला, आमचा गौरी-विसर्जनाला (ऑनलाइन गेममधल्या दग्याबद्दल)

खाडीकाठ

धागा काढावा की नको, असं आठवडाभर चाललं होतं. चाळिशीला टेकलेला माणूस गेममधल्या दग्याचं रडगाणं गातोय म्हणून हसाल. हसा. बायकोला सांगून पाहिलं, ती म्हणाली, "मग डिलीट करा ना," आणि भाजी निवडायला लागली. ज्यांना कळेल असे लोक इथेच आहेत.

मी धोपाव्याकडचा, गुहागर तालुका. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सातबारा काढून देणे असं छोटं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा ट्रॅव्हियन खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ब्राउझरमध्ये चालणारा जर्मन गेम, २००४ पासूनचा. एक गाव मिळतं. लाकूड, माती, लोखंड, धान्य पिकवायचं, सैन्य उभं करायचं, गावं वाढवायची. एकटा कोणी टिकत नाही, म्हणून युती. सर्व्हर, म्हणजे गेमचा एक अख्खा डाव, महिनोन्‌महिने चालतो, आणि शेवटी जी युती 'जगातलं आश्चर्य' शंभराव्या पातळीपर्यंत बांधते ती जिंकते. ते बांधायला नकाशा लागतो, आणि नकाशे मोजकेच असतात. आमच्या युतीकडे एक होता. तो माझ्या गावात होता.

आता धान्याचं सांगतो, कारण सगळी कथा तिथेच आहे. सैन्य धान्य खातं. दुसऱ्यांनी तुमच्या मदतीला पाठवलेलं सैन्यही तुमच्याच गावात जेवतं. कोठार रिकामं झालं की ते सैन्य लढून मरत नाही, उपासाने मरतं. नकाशा राखायला एकतीस जणांनी आपापलं सैन्य माझ्याकडे ठेवलं होतं. पंगत कायमची बसलेली, आणि मी वाढपी. तासातासाला कुठून कुठून धान्य मागवून कोठार भरत ठेवायचं.

आणि सिटर. तुम्ही बाहेर असाल तेव्हा खातं सांभाळायला दोन माणसं नेमता येतात. पासवर्ड द्यावा लागत नाही, गेममध्येच सोय आहे. त्याला काय काय करू द्यायचं त्याच्या खुणा करायच्या. मी सगळ्याच खुणा केल्या होत्या.

ज्याला सिटर केलं त्याला इथे 'पलीकडचा' म्हणतो, कारण तो खरोखरच पलीकडचा आहे. दाभोळचा. मध्ये वाशिष्ठीची खाडी. फेरीबोट नसली तर चिपळूण फिरून अर्धा दिवस जातो. दोन सर्व्हर एकत्र खेळलो, तिसऱ्याच्या वेळी बोलता बोलता कळलं की आम्ही समोरासमोर राहतो. त्याच्या जेटीचे दिवे मला पडवीतून दिसतात. मग येणंजाणं सुरू झालं. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला तो आला होता. त्याच्या आईच्या पेन्शनचे कागद मी करून दिले.

गणपतीत घरी चौदा माणसं. चाकरमानी आले की आमच्याकडच्या टॉवरचा जीव जातो, कंपनीचं नाव घेत नाही. म्हणून पाच दिवस खातं पलीकडच्याकडे दिलं. गौरी-विसर्जनाच्या रात्री रिकामा पाट घेऊन घरी आलो, ओल्या कपड्यांनीच पडवीत बसलो आणि फोन उघडला. धान्य: ०. बाजूला तांबड्या अक्षरात उणे आकडा. खाली अहवालांची रांग, संपेचना. व्यापाऱ्यांच्या बारा खेपा, सगळं धान्य उत्तरेकडच्या एका गावाला. त्या गावाचं नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. सैन्य दुपारपासून मरत होतं, म्हणजे आम्ही "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणत होतो तेव्हा. पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी शत्रूची पहिली लाट आली. पाचच्या आत खजिना पाडला, नकाशा गेला.

त्याला मेसेज केला: "काय झालं?" दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

प्रश्न असा की हे 'गेममधलं' धरायचं का? कारण या शनिवारी मला दाभोळला जायचंच आहे, दुसऱ्या कामाने. जेटीवर तो असतोच.

---

सुकी_कोलंबी

वाईट वाटलं. पण "पंगत बसलेली आणि मी वाढपी" वाचून चहा नाकातून आला. हलके घ्या.

---

बिनपगारी_सेनापती

कटू बोलतो, राग मानू नका. हा दगा नाही. ही चाल आहे.

डिप्लोमसी नावाचा पटावरचा खेळ आहे. ॲलन कॅलहॅमर या अमेरिकन गृहस्थाने १९५४ मध्ये रचला, १९५९ मध्ये बाजारात आणला. पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप, सात सत्ता. फासा नाही, पत्ते नाहीत. आधी सगळ्यांनी एकमेकांशी कोपऱ्यात जाऊन बोलायचं, वचनं द्यायची, मग आपापले हुकूम गुपचूप लिहायचे आणि सगळ्यांचे एकदम उघडायचे. वचन पाळायचं बंधन नियमात कुठेही नाही. ३४ केंद्रांपैकी १८ मिळवणारा जिंकतो. म्हणजे १७-१७ वर थांबलेले दोन जिवलग मित्र एकत्र जिंकू शकत नाहीत. सुरा पाठीत नाही, नियमावलीतच आहे. मी वीस वर्षं हा खेळ ऑनलाइन खेळतोय, मला निदान शंभरदा भोसकलंय, त्यातल्या दोघांशी आजही छान मैत्री आहे.

तुमच्या गेममध्ये शेवटी एकच युती जिंकते. मग जी युती जिंकेलसं वाटतं तिकडे माणूस जाणारच.

---

खाडीकाठ

@बिनपगारी_सेनापती, हे मला पटतं आणि पटत नाही. त्याने युती सोडून उघड हल्ला केला असता तर मी शिव्या दिल्या असत्या आणि झोपलो असतो. तो माझ्या खात्यात बसून माझ्या हाताने माझं कोठार रिकामं करत होता. अहवालात नाव माझंच आहे. युतीतल्या तिघांना अजून वाटतं की मीच विकलो गेलो.

---

आंबोळी

+१ खाडीकाठ. फरक आहे. शेजाऱ्याशी क्रिकेटमध्ये हरणं वेगळं आणि गावाला जाताना त्याच्याकडे ठेवलेली घराची चावी वापरून त्याने पीठ नेणं वेगळं. पीठ दहा रुपयांचं असलं तरी.

आमच्याकडचं सांगते. दोन जावा, तीन नणंदा, भाचरं मिळून क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल गेममध्ये आमचा क्लॅन (गट) होता. वेंगुर्ला, सावंतवाडी, गोवा, एक जण मस्कतला. तीन वर्षं जमवलेला. एका बाहेरच्या मुलाने फार मदत केली, रोज भरपूर सैनिक दान करायचा, "ताई ताई" करायचा. मी त्याला को-लीडर केलं. ज्यांनी खेळलंय त्यांना पुढचं कळलं असेल. को-लीडरला खालच्यांना काढून टाकता येतं. रविवारी दुपारी जेवणं होईपर्यंत त्याने एकेक करून सगळ्यांना बाहेर काढलं. आम्ही जुन्या को-लीडर चौघी तेवढ्या उरलो, कारण आम्हाला काढणं त्याच्या हातात नव्हतं. सासूबाईंनाही काढलं! त्या आठवडाभर विचारत होत्या, "मी काय केलं गो त्याचं?"

त्याला त्यातून काय मिळालं, मला आजतागायत कळलेलं नाही. तुमच्या पलीकडच्याला निदान काहीतरी मिळालं असेल. तेवढं विचारा त्याला. मला विचारता आलं नाही, म्हणून अजून खुपतं.

---

सुकी_कोलंबी

सासूबाईंना काढणाऱ्याला शोधून काढा, त्याचा सत्कार करणाऱ्या सुना निघतील. (पळतो.)

---

टायटन_पाहिलेला

ईव्ह ऑनलाइनवाला बोलतो. २००३ पासून चालू असलेला अंतराळातला गेम, आइसलँडच्या कंपनीचा. दग्याच्या बाबतीत आमच्याकडे विद्यापीठ आहे.

२००९ च्या फेब्रुवारीत तिथली सगळ्यात दांडगी युती, बँड ऑफ ब्रदर्स, एका रात्रीत संपली. एक तोफ उडाली नाही. त्यांचा एक संचालक शत्रूला, म्हणजे गून्सवॉर्मला, जाऊन मिळाला. त्याच्या हातात युती बरखास्त करायचा अधिकार होता, तो त्याने वापरला. वर्षानुवर्षं राखलेल्या प्रदेशावरचा हक्क त्यासोबत गेला. कळस म्हणजे शत्रूने ते मोकळं झालेलं नाव स्वतःकडे नोंदवून घेतलं, त्यामुळे यांना स्वतःचं नावही परत मिळेना. कंपनीने काहीही परत केलं नाही. अधिकार दिला होता, त्याने वापरला, विषय संपला.

२०१७ च्या सप्टेंबरात तसंच सर्कल ऑफ टूचं झालं. इतर युत्यांशी बोलणी करायला नेमलेल्या माणसानेच त्यांचा सगळ्यात मोठा तळ विरोधकांच्या नावावर केला आणि खजिना घेऊन गेला. पण खाडीकाठ, तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट त्याच्या पुढची आहे. त्या युतीचा प्रमुख संतापला आणि चॅटवर त्याने दगा देणाऱ्याला प्रत्यक्षात इजा करण्याची भाषा केली. कंपनीने बंदी घातली ती या प्रमुखावर. दगा देणारा खेळत राहिला. तेव्हा शनिवारी जेटीवर जाल ते जेवून जा, उपाशीपोटी जाऊ नका.

आणि आधी खात्री करा की दगाच होता. २०१४ च्या जानेवारीत बी-आर५आरबी नावाच्या ठिकाणी आमच्याकडे महायुद्ध झालं, जवळपास एक पूर्ण दिवस चाललं, ७५ टायटन जहाजं फुटली, खऱ्या पैशात तीन लाख डॉलर्सच्या आसपास नुकसान धरतात. त्याचं मूळ? तिथल्या हक्काचा हप्ता वेळेवर भरला गेला नाही. सुरुवातीला कित्येकांना घातपातच वाटला होता.

---

खाडीकाठ

बारा खेपा अनोळखी गावाला. हप्ता विसरल्यासारखं वाटत नाही हो.

---

टायटन_पाहिलेला

नाही. बाराव्या खेपेपर्यंत माणसाला आठवतंच.

---

नकटं_मांजर

याच विषयावर एक अभ्यास झालाय. २०१५ साली कॉर्नेल आणि इतर विद्यापीठांतल्या संशोधकांनी वर बिनपगारींनी सांगितलेल्या डिप्लोमसीच्याच ऑनलाइन डावांतले निरोप तपासले. जोडीतल्या दोघांपैकी एक पुढे दगा देणार असेल तर आधीच्या बोलण्यात काही दिसतं का? दिसतं, पण बारीक. टिकणाऱ्या मैत्रीत दोघांच्या बोलण्याचा तोल सारखा असतो. दग्याच्या आधी तो अचानक बिघडतो: गोडवा, अदब, पुढच्या बेतांबद्दलचं बोलणं, यात एक जण एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे जातो. फार हुरळून जाऊ नका, यंत्राला त्यावरून दगा ओळखायला लावलं तर नाणेफेकीपेक्षा थोडंच बरं जमलं. पण जुने निरोप चाळून पाहा.

---

खाडीकाठ

चाळले. रात्री दीडपर्यंत.

जूनपर्यंत तो मला "मेल्या" म्हणायचा. "मेल्या धान्य पाठव", "मेल्या झोपलास काय". जुलैच्या शेवटापासून "दादा". "ठीक आहे दादा." "धन्यवाद दादा." "तुम्ही म्हणाल तसं." तुम्ही! आणि मी? मी त्याला लांबलचक बेत पाठवतोय: नकाशा कधी हलवायचा, ऑक्टोबरात कोणी किती धान्य द्यायचं, आकड्यांचे तक्ते. खाली त्याचा अंगठा. नुसता अंगठा.

मला वाटलं होतं, पोरगा सुधारला.

---

दर्यासारंग

गुहागर-दाभोळची मंडळी भांडताहेत आणि आंग्र्यांचा विषय नाही, हे शोभत नाही.

तुळाजी आंग्रे. कान्होजींचा मुलगा. विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग त्याच्याकडे. पेशव्यांशी त्याचं फाटलेलं होतं. नानासाहेबांनी मुंबईकर इंग्रजांना हाताशी धरलं. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने समुद्रातून सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले, जमिनीवर पेशव्यांची फौज होती. आंग्र्यांचं आरमार वाघोटनच्या खाडीतच जळालं. तुळाजी मराठ्यांच्या छावणीत गेला आणि पुढे कैदेतच मेला. आता गंमत बघा. इंग्रज किल्ल्यात शिरले, लूट आपसात वाटून घेतली आणि ठरलं असूनही किल्ला पेशव्यांना लगेच देईनात. ऑक्टोबरात तह झाला तेव्हा विजयदुर्ग मिळाला, आणि बाणकोट इंग्रजांकडे राहिलं.

घरच्या भांडणात बाहेरचा मित्र आणला की तो मित्र कोणाचा असतो, एवढंच म्हणतो.

---

पोफळी

तुळाजीने पेशव्यांची जहाजं लुटली, ते सोयीस्कर विसरलात? पेशव्यांना एकट्यांना दोष देण्याची फॅशन...

---

दर्यासारंग

दोष कुठे दिला? तारखा दिल्या.

---

पोफळी

प्रकाटाआ (प्रतिक्रिया काढून टाकली आहे).

---

आंबोळी

अवांतर नवा धागा काढून करा. इथे माणसाचं सैन्य उपाशी मेलंय.

---

रापणकर

मालवणीत लिहिलं की लोक ओरडतात म्हणून सरळ लिहितो. मी मालवणचा. गेम खेळत नाही, मुलगा खेळतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा घरात दुसरं काय चालतं? त्यामुळे शब्द कानावर आहेत.

आम्ही रापण ओढतो. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर. इकडे पंधरा-वीस माणसं, तिकडे पंधरा-वीस. सगळ्यांनी एका तालात ओढायचं. एका बाजूने हात सैल सोडला की जाळं तिरकं येतं आणि मासळी बाहेर. म्हणजे दगा द्यायला किती सोपं, बघा. नुसतं ओढल्यासारखं करायचं. बाजूच्याला कळतही नाही, दोर ताठच दिसतो.

तरी लोक पिढ्यान्‌पिढ्या ओढताहेत, त्याचं कारण मला एकच दिसतं. मासळी आली की तिथेच वाळूवर ओतायची, आणि वाटे तिथेच घालायचे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, मग माणसांचे. म्हातारी माणसं उभी असतात, बायका उभ्या असतात, कुत्री उभी असतात. टोपली आधी घरी नेऊन "मग हिशोब करू" असं चालत नाही. ज्या रापणीत हिशोब घरात व्हायला लागला ती रापण दोन हंगामांत मोडली, मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून विचारतो. तुका फसवल्यान ता खरा. पण तुमच्या युतीत धान्य कोणी किती दिला, कोणाक काय मिळाला, ह्या सगळ्यांका दिसत होता काय?

---

खाडीकाठ

नाही. आमचा चौघांचा वेगळा ग्रुप होता. तिथे ठरायचं आणि बाकीच्यांना आकडा कळवायचो.

---

रापणकर

हां.

---

गणिताचा_मास्तर

या "हां"मध्ये सगळं आलं, तरी माझी दोन पैशांची भर. १९८० च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणकी प्रोग्रामांची स्पर्धा घेतली होती. दोघांनी प्रत्येक फेरीत एकमेकांना साथ द्यायची किंवा दगा. एकेक प्रोग्राम भलताच चतुर होता. जिंकला सगळ्यात छोटा, ॲनाटोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला, 'जशास तसे'. पहिल्यांदा साथ द्यायची, मग समोरच्याने मागच्या फेरीत केलं तेच करायचं. त्याने दगा दिला तर एकदा फटका, तो सुधारला की मागचं विसरायचं. दुसऱ्यांदा स्पर्धा घेतली, सगळ्यांना हा डाव माहीत होता, तरी तोच जिंकला.

पण एक बारकावा. पहिल्या स्पर्धेत डाव २०० चालींचा होता. शेवट माहीत असला की शेवटच्या चालीला दगा द्यायचा मोह होतो, मग शेवटून दुसऱ्या, मग तिसऱ्या. म्हणून दुसऱ्या वेळी शेवट कधी हे कोणालाच कळणार नाही अशी सोय केली. तुमच्या सर्व्हरला शेवट आहे आणि तो सगळ्यांना दिसतोय. नकाशे आले म्हणजे शेवटचा अंक. बहुतेक युत्या याच सुमाराला फुटत असणार, पैज लावायला तयार आहे.

---

टायटन_पाहिलेला

लावू नका, जिंकाल.

---

सुकी_कोलंबी

शनिवारआधी खाडीकाठसाठी गाऱ्हाणं घालून ठेवतो. सगळ्यांनी हात जोडा.

बा देवा म्हाराजा! (व्हय म्हाराजा!) आज ह्या लेकरान तुका हाक मारलेली आसा म्हाराजा! (व्हय म्हाराजा!) ज्या कोणी तेच्या सैन्याच्या तोंडचो घास काढल्यान, तेचा नेट ऐन लढाईत जावंदे म्हाराजा! (व्हय म्हाराजा!) तेच्या कोठारात उंदीर शिरांदेत म्हाराजा! (व्हय म्हाराजा!) आणि ह्या लेकराक पुढच्या सर्व्हरात धान्याच्या पंधरा शेतांचो गाव गावांदे म्हाराजा!

---

आंबोळी

व्हय म्हाराजा!

---

बिनपगारी_सेनापती

व्हय म्हाराजा. (पण चालच होती.)

---

खाडीकाठ

जाऊन आलो.

फेरीबोटीत मोटारसायकलींच्या मध्ये उभा होतो, वरून बारीक पाऊस. पंधरा मिनिटांत तीनदा ठरवलं की न बोलता काम करून परत यायचं. उतरलो तर तो जेटीवरच, छत्री घेऊन. त्याने वर पाहिलं, मी पाहिलं. म्हणाला, "चहा?"

टपरीत बसलो. मी काही विचारायच्या आत त्याने फोन काढला आणि एक स्क्रीनशॉट दाखवला. आमच्या चौघांच्या ग्रुपचा. १९ जुलैचा. माझाच मेसेज होता: "पलीकडच्याचं काय घेऊन बसलात, कोठार आहे ते आपलं. नकाशा आला की त्याची गावं सोडू, तेवढी माणसं नाहीत आपल्याकडे."

खरं सांगतो, मला हे लिहिल्याचं आठवत नव्हतं. आठवत नाही म्हणजे तेव्हा ते मला काहीच वाटलं नव्हतं. चौघांपैकी कोणी त्याला पाठवलं ते त्याने सांगितलं नाही.

मग म्हणाला, जुलैत त्याची दोन गावं गेली. तीनदा मदत मागितली. मी तिन्ही वेळा "बघतो" लिहिलं होतं. हे मात्र मला आठवलं. एकतीस जणांचं सैन्य माझ्याकडे बसून जेवत होतं, त्यातलं काही धान्य त्याच्याच गावातून येत होतं, आणि त्याचं गाव रिकामं पडलं होतं. शत्रूने त्याला काही दिलं का, विचारलं. म्हणाला, गावं राहू देऊ म्हणाले. आणि राहू दिली. "तुम्ही सोडणार होतात, त्यांनी राहू दिली."

यावर मी गप्प. पण मग मीही विचारलं, त्या बाकीच्या तीस जणांनी तुझं काय वाकडं केलं होतं? त्यातला एक बारावीतला मुलगा आहे खेडचा, परीक्षा सांभाळून पाच महिने सैन्य जमवत होता. आणि गणपतीच धरलेस? याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. ग्लास फिरवत बसला. नंतर म्हणाला, "दुसऱ्या वेळी तू खातं दिलंच नसतंस ना."

चहाचे पैसे त्याने दिले. मी देऊ दिले. परतीच्या बोटीत मी वरच्या कठड्याशी उभा होतो आणि तो टपरीच्या छपराखाली, बराच वेळ. हात कोणी केला नाही.

घरी आल्यावर युतीच्या मोठ्या ग्रुपवर तो स्क्रीनशॉट मीच टाकला. शिव्या बसल्या. खेडच्या मुलाने लिहिलं, "काका, धान्याचा तक्ता आधीच सगळ्यांना दाखवला असता तर?" बाकी कोणापेक्षा तेच लागलं.

---

रापणकर

पोरगा शाणो आसा. तेका पुढच्या वेळी पुढारी करा.

---

बिनपगारी_सेनापती

मागे घेतो थोडंसं. चाल होती, पण तुमच्या चालीनंतरची.

---

आंबोळी

विचारलंत ते बरं केलंत. "दुसऱ्या वेळी तू खातं दिलंच नसतंस" हे वाक्य डोक्यात बसलंय. माझा तो "ताई ताई"वालाही बहुतेक हेच म्हणाला असता.

तो आता तुमच्याशी बोलतो का?

---

खाडीकाठ

काल मेसेज आला. आईच्या पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, त्याला काय काय लागतं, असं. खाली काही नाही. "दादा" नाही, "मेल्या"ही नाही. यादी पाठवली.

---

सुकी_कोलंबी

आणि नवा सर्व्हर? खोटं बोलू नका, सुरू केलाच असणार.

---

खाडीकाठ

केला. खेडचा मुलगा पुढारी आहे. धान्याचा तक्ता सगळ्यांना उघडा, रोज रात्री नऊला.

---

टायटन_पाहिलेला

सिटर कोणाला दिलंत?

---

खाडीकाठ

बायकोला. फक्त बघता येईल असं ठेवलं होतं, धान्य पाठवायची खूण केली नाही. तिने पाच मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "आपण भात खाणारी माणसं, हा एवढा गहू रोज कोणाच्या घशात घालताय?" आता रोज विचारते.